पोरीचं एलडीएल २२६ आणि घरात सगळे गप्प

मावशी, नमस्कार. मी सुदामा नगरला राहते. मागच्या दिवाळीनंतर ह्यांना हार्ट अटॅक आला, वय ३९, स्टेंट टाकला, आता बरे आहेत. ना शुगर, ना बीपी, ना सिगरेट. सासरे ४४व्या वर्षी झोपेतच गेले, ते माझ्या लग्नाच्या खूप आधी. ह्यांच्या आत्यांची बायपास झालीय. डॉक्टर म्हणाले मुलांचंही कोलेस्टेरॉल करून घ्या, म्हणून ११ वर्षांच्या मुलीचं केलं तर एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, २२६ आलं. ती इतकी काडी आहे की शाळेचा स्कर्ट पिन लावून घालते. डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, एफएच म्हणाले, गोळी सुरू करू म्हणाले. मुलगा ६ वर्षांचा आहे, त्याचं अजून केलं नाही, सासूबाई म्हणतात लेकराला कशाला टोचता. त्यांचं म्हणणं की मी भाजीत तेल जास्त घालते आणि पोरांना रोज सेव देते म्हणून हे झालं. आणि बाहेर कुणाला बोलू नकोस म्हणतात, पोरीचं पुढे लग्न व्हायचंय, वन्संच्या मुलासाठी तर आत्ताच मुली बघणं चाललंय. दीर पुण्याला आहेत, ३४चे, ते म्हणाले वहिनी मी रोज जिमला जातो, मला काही होत नाही. मावशी, खरंच माझ्या स्वयंपाकामुळे झालं का? एवढ्याशा पोरीला आयुष्यभर गोळी द्यायची का? मला आतून वाटतं हे लोकांना सांगायला पाहिजे, पण घरात सगळे गप्प. मी काय करू?
— एक आई, इंदूर

अगं, आधी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते कारण झोप तुझी त्यानेच उडालीय. नाही. तुझ्या स्वयंपाकामुळे नाही झालं, तेलामुळे नाही, सेवेमुळे नाही. सेव खाऊन जर पोरांचं एलडीएल २२६ होत असतं तर इंदुरात एकही घर सुटलं नसतं, इथे तर पोह्यांवर सेव, वरणावर सेव, काही नसेल तर नुसती वाटीत घेऊन सेव. तुझी मुलगी हे जन्मताना घेऊन आलीय, तिच्या बाबांकडून, आणि त्यांना ते त्यांच्या बाबांकडून आलेलं दिसतंय. तू घरात पाऊल टाकायच्या कितीतरी आधीपासून ते त्या घरात आहे.

मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, तर तुला डोळ्यांनी बघितलेली एक गोष्ट सांगते. रक्ताची ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढली की खाली लाल थर बसतो आणि वर पिवळसर पाणी येतं, त्याला सिरम म्हणतात. कुणी रात्री लग्नात जेवून, वर जलेबी-रबडी हाणून सकाळी तसंच रक्त द्यायला आलं तर कधीकधी ते सिरम दुधासारखं गढूळ दिसायचं, आम्ही बघताक्षणी म्हणायचो की ह्याचं ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वर असणार. पण ज्यांचं एलडीएल ३००-४०० निघायचं ना, त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं सिरम एकदम स्वच्छ असायचं, सोनेरी, आरपार बघा. मशीनने आकडा काढेपर्यंत कळायचंच नाही. हा रोग असाच आहे, ट्यूबमध्ये दिसत नाही आणि माणसातही दिसत नाही, माणूस काडीसारखा असतो, पळतो, जिम करतो, अंडंसुद्धा न खाणारा असतो, आणि ३९व्या वर्षी कॅथलॅबमध्ये असतो.

नाव लांबलचक आहे खरं, फॅमिलिअल हायपरकोलेस्टेरोलेमिया. आपण एफएचच म्हणू. घराण्यातून आलेलं कोलेस्टेरॉल, एवढाच त्याचा अर्थ.

आत काय होतं ते समजून घे, म्हणजे उद्या सासूबाईंना तूच सांगू शकशील. आपलं इंदूर २०१७पासून स्वच्छतेत पहिलं येतंय ते कशामुळे, तर सकाळी गाणं वाजवत गल्लीत येणाऱ्या कचरा गाडीमुळे, बरोबर? कचरा तर सगळ्याच शहरांत होतो. तसंच एलडीएल सगळ्यांच्याच रक्तात असतं, ते म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे बारीक कण, आणि ह्यातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, आपल्या ताटातून येतं ते कमी. लिव्हरच्या पेशींवर रिसेप्टर असतात, ते ह्या कणांना पकडून आत ओढतात आणि रक्त साफ ठेवतात. त्या आपल्या गाड्या. आता प्रत्येक जीनच्या दोन कॉपी असतात, एक आईची एक बाबांची, आणि एफएचमध्ये त्यातली एक बिघडलेली असते, म्हणजे निम्म्या गाड्या गल्लीत येतच नाहीत. घरात तुम्ही कितीही कमी कचरा करा, गाडीच नाही आली तर साचणारच. जन्माच्या दिवसापासून साचतंय, आणि साचतं कुठे तर हृदयाच्या नळ्यांच्या भिंतीत. म्हणून एफएचमध्ये नुसता आकडा बघायचा नसतो, आकडा किती वर्षं राहिला ते बघायचं. पन्नाशीला ज्याचं एलडीएल २२६ झालं त्याची गोष्ट वेगळी, तुझ्या पोरीच्या नळ्यांनी ते ११ वर्षं सोसलंय आणि काहीच केलं नाही तर पुढेही सोसत बसतील. उपचार न घेतलेल्या एफएचवाल्या पुरुषांमध्ये ५० वर्षांचे होईपर्यंत साधारण निम्म्यांना हृदयाचा त्रास झालेला असतो, बायकांमध्ये साठीपर्यंत साधारण ३० टक्क्यांना. तुझ्या सासऱ्यांचं ४४ आणि मिस्टरांचं ३९ ह्या हिशोबात बसतंय की नाही बघ.

हे रिसेप्टरचं कोडं अमेरिकेत डॅलसला मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन ह्या दोघा डॉक्टरांनी १९७०च्या दशकात सोडवलं, तेही एफएचच्या लहान मुलांच्या कातडीच्या पेशी तपासून, आणि १९८५चं नोबेल त्यांना मिळालं. म्हणजे बघ, जगाला सगळ्यांचंच कोलेस्टेरॉल समजलं ते अशा घरातल्या मुलांमुळे. तरी आपल्याकडे अजून लोकांना ह्याचं नाव माहीत नाही ह्याचा मला फार त्रास होतो.

आता मुलाचं. त्याची टेस्ट लवकर करून घे, ह्याच आठवड्यात. लोकांना वाटतं ताईला निघालं म्हणजे भाऊ सुटला, असं नसतं. प्रत्येक मुलाच्या वेळी नाणं नव्याने उडतं, निम्मी शक्यता हो, निम्मी नाही. मुलगा-मुलगी हा भेदही नाही ह्यात. आणि घरात एफएच आहे हे माहीत असेल तर अगदी २ वर्षांनंतर कधीही रक्त तपासता येतं, तुझा मुलगा तर ६चा आहे. एकदा सुई, दोन मिनिटं रडेल, नंतर त्याला शिकंजी पाज. उपाशीपोटी न्यायची गरजही नाही, लिपिड प्रोफाइल, म्हणजे ही कोलेस्टेरॉलची टेस्ट, बहुतेक वेळा जेवल्यावरही चालते, ट्रायग्लिसराइड फार वाढलेलं निघालं तरच परत उपाशी करायला सांगतात. हे मुद्दाम सांगतेय कारण लेकराला उपाशी ठेवायचं म्हणून घरोघरी ही टेस्ट पुढे ढकलली जाते. आणि तुझं स्वतःचंही कर. का ते पुढे येईलच.

पोरीची टीएसएच, म्हणजे थायरॉइडची टेस्ट, झालीय का ते फाइलमध्ये बघ. थायरॉइड कमी असेल, किडनीतून प्रोटीन जात असेल, लिव्हरमध्ये पित्त अडत असेल तर एलडीएल त्यानेही वाढतं, डॉक्टर ते एकदा बघून घेतात आणि आकडाही परत एकदा करून घेतात. तुझ्या घरी आजोबा, बाबा, आत्या अशी रांग आहे म्हणून मला फार शंका वाटत नाही, पण एकाच रिपोर्टवर कधी थांबायचं नाही, हे माझं ३१ वर्षांचं म्हणणं आहे. जीनची टेस्टही असते, पण तिच्यासाठी पैसे नसतील तर अडून बसू नका, आकडा आणि घरचा इतिहास ह्यावरून डॉक्टर उपचार सुरू करू शकतात. आणि मिस्टरांचा आकडा बघताना एक लक्षात ठेव, अटॅकच्या दिवसांत ॲडमिट असताना एलडीएल खरं असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं, आणि गोळी सुरू झाल्यावर तर ते कमी येणारच. तेव्हा त्या कागदावर १५० दिसलं म्हणून "ह्यांना तर एवढं नाहीये" असं कुणी म्हणालं तर मानू नकोस, जमलं तर अटॅकच्या आधीचा एखादा जुना रिपोर्ट शोध, ऑफिसच्या चेकअपचा असतो कधीकधी.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मी तुझं पत्र आल्या दिवशीच लिहायला बसले.

मी लॅबमध्ये नवीन होते तेव्हाची. एक मुलगा आणला होता, ९ वर्षांचा, आमच्या मराठी लोकांतलाच. हात पुढे केला रक्तासाठी तर कोपरावर पिवळ्या गाठी, हरभऱ्याच्या डाळीएवढ्या, दोन बोटांच्या मधल्या चामडीतही तसंच पिवळं, गुडघ्यांवरही. आई म्हणाली, कातडीच्या डॉक्टरकडे दोनदा काढून घेतल्या, परत येतात. मी टेस्ट लावली, रीडिंग मशीनच्या बाहेर गेलं. मला वाटलं माझंच पिपेट चुकलं, परत केलं, मग सिरम पातळ करून परत केलं. टोटल कोलेस्टेरॉल ७००च्या वर. सरांना दाखवलं, त्यांनी सही केली, रिपोर्ट पाकिटात घालून दिला. मुलाचे आई-बाबा मामे-आते भावंडं होते, बोलता बोलता आईच म्हणाली होती, मी माझ्याच मामाची सून झाले असं काहीतरी हसत. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मला तेव्हा माहीतच नव्हतं की त्या दोघांनाही हात पुढे करायला सांगायचं असतं. दोन-तीन वर्षांनी कळलं की मुलगा शाळेच्या मैदानावर पडला आणि गेला.

तो दुसरा, दुर्मिळ प्रकार होता. दोन्ही कॉपी बिघडलेल्या, एक आईची एक बाबांची, म्हणजे गाड्या जवळजवळ नाहीतच. त्याला होमोझायगस एफएच म्हणतात, ह्यात एलडीएल ४००च्या वर जातं, लहानपणीच चामडीवर गाठी येतात, आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला अटॅक येऊ शकतो. जगभरातल्या हिशोबाने साधारण अडीच-तीन लाखांत एक असं मूल असतं. एकच कॉपी बिघडलेला तुझ्या मुलीसारखा प्रकार मात्र दुर्मिळ नाहीच गं, साधारण ३०० माणसांत एक. २०११च्या जनगणनेत इंदूर शहराची वस्ती १९ लाखांवर होती, तूच भाग देऊन बघ, ६ हजारांच्या वर माणसं येतात. ही माणसं कुठे आहेत? राजवाड्याच्या गर्दीत आहेत, सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खातायत, कुणाचा तरी गणपती बसवतायत, आणि त्यांतल्या बहुतेकांना माहीत नाही.

दोन्हीकडून एफएच असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला हा मोठा प्रकार व्हायची शक्यता चारात एक असते. आता कळलं ना तुझंही एलडीएल का करायला सांगितलं? आणि सासूबाईंच्या "लग्न व्हायचंय म्हणून गप्प राहा" ह्याचंही उत्तर इथेच आहे. लग्न व्हायचंय म्हणूनच सांगायचं. तुझी मुलगी २६-२७ची होईल, तिच्यासाठी मुलगा बघाल, तेव्हा पत्रिकेबरोबर दोघांचं लिपिड प्रोफाइल बघायला किती वेळ लागतो? मुलाचं नॉर्मल असेल तर त्यांच्या बाळाला मोठा प्रकार व्हायची भीती जवळजवळ संपली. ज्या घरांत मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी लग्नं होतात त्यांनी तर हे आधी करावं, कारण एकाच आजोबांचा बिघडलेला जीन दोन्ही बाजूंनी परत भेटू शकतो. आणि उपचार घेतलेली, एलडीएल ताब्यात असलेली मुलगी शिकेल, नोकरी करेल, तिला मुलंबाळं होतील, ह्यात लपवण्यासारखं काय आहे? लपवून लग्न केलं आणि गोळी बाथरूममध्ये चोरून खायला लागली तर तो त्रास मी बघितलाय एका ओळखीच्या मुलीत, तिने तिसऱ्या महिन्यात गोळीच सोडून दिली.

गोळीचं बोलूया. मला माहितीय, आयुष्यभर हा शब्द ऐकून आईच्या पोटात गोळा येतो. ह्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात, जपानच्या अकिरा एन्डो नावाच्या शास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. गोळीने लिव्हरचं स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं कमी होतं, मग लिव्हरला बाहेरून घ्यावं लागतं म्हणून ते जास्त रिसेप्टर बाहेर काढतं, म्हणजे गल्लीत गाड्या वाढतात. एफएचच्या मुलांना साधारण ८-१० वर्षांच्या वयापासून हे देतात, तेव्हा तुझे डॉक्टर काही जगावेगळं सांगत नाहीयेत. आणि ह्याचा पुरावा आहे. नेदरलँड्समध्ये एफएचच्या २१४ मुलांना लहानपणी स्टॅटिन सुरू करून २० वर्षं त्यांच्याकडे लक्ष ठेवलं, २०१९मध्ये त्याचे निकाल आले. ही मुलं ३९ वर्षांची होईपर्यंत त्यांच्यातल्या फक्त १ टक्क्याला हृदयाचा त्रास झाला. त्यांच्याच आई-बाबांपैकी ज्यांना एफएच होतं, ज्यांच्या लहानपणी ही गोळी नव्हती, त्यांच्यात त्याच वयापर्यंत २६ टक्के. वय ३९. तुझ्या मिस्टरांचं वय. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा वाचतच राहिले होते.

मुलांच्या उंचीवर, वयात येण्यावर वाईट परिणाम दिसलेला नाही. सुरुवातीला लिव्हरची टेस्ट करतात, पुढे अधूनमधून, आणि पाय-मांड्या विनाकारण दुखतात असं ती म्हणाली तर डॉक्टरांना सांगायचं, मनाने गोळी बंद करायची नाही. १० वर्षांवरच्या मुलांचं एलडीएल साधारण १३०च्या खाली आणायचा प्रयत्न असतो, एका गोळीने नाही जमलं तर एझेटिमाइब नावाची दुसरी जोडतात. मिस्टरांचं लक्ष्य फार कडक आहे, अटॅक येऊन गेलेल्यांना ५५च्या खाली सांगतात, तर त्यांच्या डॉक्टरांना सरळ विचार की आत्ता किती आहे आणि किती हवंय. गोळ्यांनी पुरलं नाही तर इंजेक्शनं आलीयत, पीसीएसके९ म्हणून एक प्रोटीन असतं जे चांगल्या गाड्यांनाही भंगारात पाठवतं, त्याला ती अडवतात. महाग आहेत. पण साधी स्टॅटिन महाग नाहीये, जनऔषधीच्या दुकानात स्वस्तात मिळते, पैशासाठी कुणी सोडावी अशी ती गोळी नाही. आणि मुलगी मोठी झाली की एक गोष्ट तिला तूच शिकव, बाळाचा विचार करायच्या आधी डॉक्टरांशी बोलायचं, कारण गरोदरपणात स्टॅटिन सहसा थांबवतात.

अर्जुनाची साल, लसणाच्या पाकळ्या, मेथीदाणे, कुणी ना कुणी सांगेलच. एफएचमध्ये गोळीची जागा ते घेऊ शकत नाहीत. खाण्याचं म्हणशील तर सगळं घर मिळून सुधारा, एकट्या पोरीचं ताट वेगळं करू नका. डालडा बंद, तळण कमी, तूप चमच्याने, डाळी-भाज्या-फळं जास्त. पोहे राहू देत गं, वर सेव चिमूटभर आणि डाळिंबाचे दाणे मूठभर. थंडीत गराडू एखाद्या वेळी खाल्ले तर आभाळ कोसळत नाही. पोरीला प्रत्येक घासाला टोकलं तर तिला वाटेल आपण काहीतरी चूक केलीय म्हणून आजारी आहोत, आणि तू तर आत्ताच त्या चुकीच्या ओझ्याखाली आहेस, तेच ओझं तिच्यावर नको. तंबाखू आणि धूर मात्र अजिबात नाही, घरात कुणाचाच नाही.

आता भाऊजी. जिमचं कौतुक आहेच, पण जिमने रिसेप्टर येत नाहीत. बाबा ४४ला गेले, सख्खा भाऊ ३९ला स्टेंट घेऊन आलाय, ह्यांची शक्यता निम्मी आहे आणि वय ३४. वादात पडू नकोस, फोनवर माणूस लगेच "मला काही होत नाही"वर येतो. लिहून पाठव, लिहिलेलं रात्री परत वाचलं जातं. मी इथे मजकूर देते, हवा तसा बदल:

"नमस्कार. ह्यांना ३९व्या वर्षी अटॅक आला ते तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की आपल्या घराण्यात जन्मतःच एलडीएल कोलेस्टेरॉल जास्त असण्याचा दोष आहे, त्याला एफएच म्हणतात. आमच्या मुलीतही निघालाय. बाबा लवकर गेले तेही बहुतेक ह्यानेच. तुम्ही आणि मुलांनी एकदा लिपिड प्रोफाइल करा, उपाशी राहायची गरज नाही. मोठ्यांचं एलडीएल १९०च्या वर किंवा मुलांचं १३०च्या वर आलं तर डॉक्टरांना हा मेसेज दाखवा. औषध आहे आणि लवकर घेतलं तर फार फरक पडतो. मी कधीही फोनवर आहे."

हा वन्संना, भाऊजींना, आत्यांना आणि त्यांच्या मुलांना, आणि सासऱ्यांचे भाऊ असतील तर त्या चुलत सासऱ्यांना. फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, तिथे गुड मॉर्निंगच्या फुलांत वाहून जाईल, आणि वन्संना सगळ्यांसमोर वाचायला लागेल ते बरं नाही. एकेकाला वेगळा पाठव. वन्संना तर मेसेजच्या आधी फोन कर, कारण त्यांची शक्यताही निम्मी आहे आणि बायकांच्या छातीतल्या दुखण्याला आपल्याकडे गॅसच म्हणतात. त्यांना निघालं तर मुलाचंही करायला लागेल, आणि ते बघण्याच्या आधीच झालेलं बरं नाही का? आपलं मराठी ह्या बाबतीत फार कामाचं आहे, आत्या, मामा, मावशी, काका, चुलत, मावस, आते, मामे, रक्ताचं कोण आणि कुठून ते नावातच कळतं. एक कागद घे आणि त्यावर सगळ्यांना मांड, नावापुढे वय, कुणाचं काय झालं आणि कितव्या वर्षी. डॉक्टरांना तो कागद दाखवलास तर त्यांचं अर्धं काम होईल.

लोकांना सांगायचं म्हणतेस, त्याने मला फार बरं वाटलं. २४ सप्टेंबरला जगभर एफएचचा जागृती दिवस असतो, आपल्याकडे ते दिवस बहुतेक गणपती-नवरात्राचे असतात. मंडळाच्या आरतीनंतर दोन मिनिटं माइक मागता येतो, भोंडल्याला, हळदीकुंकवाला बायका जमतात तिथे बोलता येतं. मोठं भाषण नको. तुमच्या घरात कुणी पुरुष ५५च्या आत किंवा बाई ६०च्या आत हृदयाने गेली किंवा आजारी पडली आहे का? मुलांचं एलडीएल कधी बघितलंय का? बारीक आणि शाकाहारी माणसालाही हे असतं, एवढं सांग आणि बस. मग जेवताना बायका आपणहून येतील, कुणी पापण्यांवरचे पिवळे चट्टे दाखवेल, कुणी सांगेल की आमच्या ह्यांच्या टाचेमागची शीर (रक्ताची नस नाही, पोटरी टाचेला जोडणारी दोरी) जाड आहे, चप्पल लागते तिथे. टाचेच्या वरची ती शीर दोन बोटांत धरून बघायची, एफएचमध्ये कधीकधी ती जाडजूड, गाठाळ लागते. पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाच्या बुबुळाभोवती पांढरट कडं दिसलं तरी विचारायचं. सगळ्यांना ह्या खुणा नसतात, तुझ्या मुलीला नसतीलच बहुतेक, तिच्यासाठी रक्ताचीच टेस्ट. आणि मुलीचं नाव तिला विचारल्याशिवाय कुठे घेऊ नकोस. ती ११ची आहे, तिला कळतं. स्वतःचं आणि मिस्टरांचं सांग, तेही त्यांची हो असेल तर.

राहिल्या सासूबाई. त्यांच्यावर रागावू नकोस असं मी म्हणणार नाही, त्या बोलल्या ते लागण्यासारखंच होतं. पण एक हिशोब कर. सासरे ४४व्या वर्षी गेले, तेव्हा त्या चाळिशीच्या असतील, पदरात तीन मुलं, धाकटा तर शाळेतला. त्या वेळी सुतकात भेटायला आलेल्या बायकांनी त्यांना काय विचारलं असेल? रात्री जेवायला काय केलं होतं, हेच विचारलं असणार. मला खात्री वाटते की "तेल जास्त घालतेस" हे वाक्य त्यांनी तुझ्या आधी स्वतः ऐकलेलं आहे. त्यांनाही कुणी सांगितलेलं नाही की त्यांच्या हातून काही चुकलं नव्हतं.

तर तो कागद घेऊन आधी त्यांच्याचजवळ बस. दुपारी, पोरं शाळेत असताना. सासऱ्यांचा जुना फोटो काढायला सांग, डोळे बघा त्यातले. त्यांना विचार की बाबांची चप्पल टाचेला लागायची का, त्यांचे वडील कितव्या वर्षी गेले, कुणी काका लवकर गेले का. हे सगळं त्या घरात आता फक्त त्यांनाच माहीत आहे, आत्यांना थोडंफार असेल. आणि त्यांना सांग की आई, हे बाबांच्या रक्तातूनच होतं, तुम्ही काहीही रांधलं असतं तरी होतंच. मग नातवाला टोचायला कधी न्यायचं ते त्यांनाच विचार, आणि येत असतील तर त्यांनाही बरोबर ने.